फासे पडल्यावर बदललेला नियम

प्रश्न : सात महिन्यांपासून मी चौघांसाठी डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं आणि फाशांचा टेबलावरचा खेळ चालवतोय. पाचवी आवृत्ती, २०१४ चं पुस्तक, पात्रं पाचव्या लेव्हलची. मागच्या खेपेला दोन ओगरांशी, म्हणजे राक्षसांशी, लढाई होती. एका मैत्रिणीचं पात्र रोग क्लासचं, म्हणजे चोर. ती आणि फायटर एका ओगरला भिडून उभे होते. तिने आपल्या टर्नला वार केला आणि स्नीक अटॅकचं, म्हणजे चोराच्या खास वाराचं, जादा नुकसान मोजलं. मग ओगरची टर्न आली आणि तो या दोघांना सोडून सरळ जखमी विझर्डकडे, म्हणजे जादूगाराकडे, धावला. फायटरची रिॲक्शन (दुसऱ्याच्या टर्नलाही करता येणारी झटपट कृती) आधीच खर्च झाली होती, चोराची शिल्लक होती. तिने ऑपॉर्च्युनिटी अटॅक, म्हणजे निघून जाणाऱ्या शत्रूवरचा वार, केला, तो लागला आणि तिने पुन्हा स्नीक अटॅकचे तीन फासे टाकले. मी म्हटलं, स्नीक अटॅक एकदाच. ती म्हणाली, टर्नला एकदा, राऊंडला नाही. अर्धा तास वाद झाला. एकाने फोनवरून कुणाचं तरी उत्तर वाचून दाखवलं, दुसऱ्याने त्याच्या बरोबर उलटं शोधून काढलं. शेवटी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा पंच, म्हणून मी नाही म्हटलं. ओगरने विझर्डला आडवं केलं, बाकीचे दुसऱ्या ओगरापाशी अडकलेले, आणि विझर्ड डेथ सेव्हिंग थ्रोमध्ये, म्हणजे जीव वाचवायच्या फाशांत, मेला. विझर्डवाला मित्र काही बोलला नाही. मैत्रीण एवढंच म्हणाली, 'हे माहीत असतं तर मी तिथे थांबलेच नसते.' तेव्हापासून ती ग्रुपवर गप्प आहे.

तिच्या त्या तीन फाशांवर ५, ४ आणि ३ पडले होते. साधा वार धरूनही ओगरचे ७ हिट पॉइंट (जीव मोजायचे गुण) उरले होते. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

आणखी एक. त्याआधी एकदा विझर्डने सी इनव्हिजिबिलिटी ही अदृश्य ते दाखवणारी जादू लावून अदृश्य शत्रूवर फायर बोल्ट हा आगीचा मारा केला. मी म्हटलं, तुला तो दिसतोय, मग डिसॲडव्हांटेज (दोन फासे टाकून कमी पडलेला धरायचा) कसला? फायटरवाला अजून म्हणतो की पुस्तकात तसं लिहिलेलं नाही. मी अक्षराला धरून चालायचं की अर्थाला? आणि आता पुढच्या खेपेला काय करू?

— पडद्याआडचा

नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी आधी पुस्तक उघडलं, कारण तुमच्या बाजूने काही निघतं का ते मला खरंच बघायचं होतं. निघालं नाही. तुमची मैत्रीण बरोबर होती.

स्नीक अटॅकचं जादा नुकसान 'टर्नला एकदा' करता येतं, असं तिथे लिहिलंय, आणि टर्न आणि राऊंड हे शब्द या खेळात एकमेकांच्या जागी चालत नाहीत. राऊंड म्हणजे साधारण सहा सेकंद, आणि त्यात लढाईतल्या प्रत्येकाची एकेक टर्न. ओगर धावला ती ओगरची टर्न होती. टर्न बदलली की चोराचं ते 'एकदा' पुन्हा हाताशी येतं. हा नुसता शब्दांचा कीस वाटत असेल तर त्याच पुस्तकात क्लेरिकचा, म्हणजे पुरोहित पात्राचा, डिव्हाइन स्ट्राइक काढून बघा. तिथे हा जादा मार 'तुमच्या प्रत्येक टर्नला एकदा' मिळतो असं म्हटलंय. दुसऱ्याच्या टर्नला फायदा मिळू नये असं लिहिणाऱ्यांना जिथे वाटलं, तिथे त्यांनी 'तुमच्या' हा शब्द घातला. चोराच्या बाबतीत घातला नाही. २०२४ च्या सुधारित पुस्तकातही स्नीक अटॅकला 'टर्नला एकदा' हेच शब्द आहेत.

तुम्हाला धाकधूक वाटली असणार की असं मोकळं सोडलं तर चोर सगळ्यांना खाऊन टाकेल. तसं होत नाही. रिॲक्शन एकच मिळते आणि ती वापरली की आपली पुढची टर्न येईपर्यंत परत मिळत नाही. शिवाय स्नीक अटॅकच्या अटी त्या क्षणी पुन्हा तपासाव्या लागतात. ॲडव्हांटेज (दोन फाशांतला जास्त पडलेला धरायची सवलत) नसेल तर ओगरचा आणखी कोणी शत्रू त्याच्यापासून पाच फुटांच्या आत उभा हवा. आता ऑपॉर्च्युनिटी अटॅक कधी होतो? शत्रू आवाक्याबाहेर पडण्याच्या अगदी आधी, म्हणजे तो आवाक्यात ज्या शेवटच्या जागी असतो तिथे. त्या जागेपासून फायटर पाच फुटांत होता का, हे नकाशावर बोट ठेवून बघायला हवं होतं. ओगर आधी चोराला वळसा घालून फायटरपासून लांब सरकला असता आणि मग निघाला असता, तर तिला ते तीन फासे मिळाले नसते. तुम्ही लिहिता तसा तो सरळ निघाला असेल तर अट पुरी होत होती. पण अर्ध्या तासाच्या काथ्याकुटात हा प्रश्न कोणी विचारलेला दिसत नाही, आणि त्या जागी विचारण्यासारखा प्रश्न तेवढा हाच होता.

म्हणजे तुमच्या टेबलावर नियम संदिग्ध नव्हताच. लढाईतली बरीच भांडणं अशीच असतात. रोजच्या बोलण्यातला शब्द पुस्तकाने ठरावीक अर्थाने वापरलेला असतो आणि आपण तो रोजच्या अर्थाने ऐकतो. 'अटॅक' घ्या. पाचव्या लेव्हलच्या फायटरला एक्स्ट्रा अटॅक मिळतो, पण आपल्या टर्नला अटॅक ॲक्शन घेतली तरच. ऑपॉर्च्युनिटी अटॅक ही अटॅक ॲक्शन नव्हे, म्हणून तिथे वार एकच. दोन्हीकडे शब्द 'अटॅक', आणि त्यावरून माणसं तावातावाने भांडताना मी पाहिलीत. म्हणून वाद उठला की आठवणीतला नियम सांगू नका. ते वाक्य उघडा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचा, पूर्ण. मग तसाच मजकूर पुस्तकात दुसरीकडे कसा लिहिलाय ते बघा, जसं आत्ता डिव्हाइन स्ट्राइकचं पाहिलं. आणि विशेष नियम सर्वसाधारण नियमाला मागे सारतो, हे त्या पुस्तकाने सुरुवातीलाच सांगून ठेवलंय, ते लक्षात असू द्या.

फोनवरच्या उत्तरांबद्दल एक सांगतो. तुमच्या दोन मित्रांना दोन उलटी उत्तरं मिळाली याचं कारण कदाचित दोघं वेगळ्या पुस्तकांची उत्तरं वाचत असतील. २०१४ आणि २०२४ मध्ये लढाईचे कितीतरी नियम बदललेत. जुन्या पुस्तकात बेसावध सापडलेल्याला पहिल्या टर्नला हलता येत नाही, ॲक्शनही घेता येत नाही. नव्यात त्याला फक्त इनिशिएटिव्हच्या, म्हणजे टर्नचा क्रम ठरवणाऱ्या, फाशाला डिसॲडव्हांटेज. एवढा फरक असताना कुठलं पुस्तक हे न विचारता उत्तर वाचून दाखवणं म्हणजे आगीत तेल ओतणं. वाचणाऱ्याने आधी आवृत्ती सांगायची, हा दंडक घालून टाका.

आता सी इनव्हिजिबिलिटी. हा खराखुरा पेच आहे आणि तुमचा फायटरवाला मित्र हवेत बोलत नाहीये. २०१४ च्या पुस्तकात अदृश्य असण्याचे परिणाम दोन वेगळ्या मुद्द्यांत दिलेत. पहिल्यात म्हटलंय की जादू किंवा खास इंद्रियाशिवाय तो दिसत नाही. दुसऱ्यात म्हटलंय की त्याच्यावरच्या हल्ल्यांना डिसॲडव्हांटेज आणि त्याच्या हल्ल्यांना ॲडव्हांटेज. सी इनव्हिजिबिलिटी पहिला मुद्दा पुसते, दुसऱ्याला हात लावत नाही. अक्षरशः वाचलं तर विझर्डला तो स्वच्छ दिसतोय आणि तरी नेम धरताना त्याला डिसॲडव्हांटेज. तेव्हा नियमांची जबाबदारी असलेले डिझायनर जेरेमी क्रॉफर्ड यांनीही असंच वाचन सांगितलं होतं. पण मग ती जादू माणसाने लावायची कशासाठी? सेकंड लेव्हलचा स्पेल स्लॉट खर्च करून शत्रू दिसावा, आणि दिसून उपयोग होऊ नये? तुम्ही अर्थाला धरून निकाल दिलात आणि तो योग्य होता. २०२४ च्या पुस्तकात ते वाक्यच बदललंय. ज्याला तुम्ही कसेही का होईना दिसता, त्याच्याविरुद्ध तुम्हाला अदृश्यतेचा तो फायदा मिळत नाही.

तेव्हा अक्षर की अर्थ, या प्रश्नाला माझं उत्तर असं : अक्षर ज्या टोकाला नेतं तिथे ती जादू किंवा ते कसब निरुपयोगी होत असेल, तर अर्थ धरा. तसं होत नसेल तर अक्षर धरा, तुम्हाला ते आवडत नसलं तरी. स्नीक अटॅक दोनदा झाल्याने काहीच मोडत नव्हतं. उलट चोराचा जीव त्यातच आहे. पाचव्या लेव्हलला तीन सहाबाजू फासे, सरासरी १०.५. तेवढ्यासाठी ती ओगरच्या सोट्याच्या टप्प्यात उभी राहिली होती. दुसऱ्या टोकाची काळजीही घ्यावी लागते. पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या २०१९ च्या नियमपुस्तकात संदिग्ध नियमांविषयी एक छोटा सल्ला आहे. एखादा अर्थ विश्वास बसणार नाही इतका फायद्याचा निघत असेल तर बहुधा तो अर्थ चुकीचाच असतो. तुम्ही पाथफाइंडर खेळत नसलात तरी हा सल्ला टेबलावर ठेवण्यासारखा आहे.

एवढं सगळं सांगूनही मला वाटतं की तुमच्याकडे जे दुखावलं ते नियमाच्या अर्थावरून दुखावलेलं नाही. मैत्रिणीचं वाक्य पुन्हा वाचा : 'हे माहीत असतं तर मी तिथे थांबलेच नसते.' चोराला दुसऱ्या लेव्हलपासून कनिंग ॲक्शन असते. बोनस ॲक्शन म्हणून डिसएंगेज घेऊन ती ओगरपासून सुखरूप मागे जाऊ शकत होती. ती गेली नाही. ओगर हलला तर आपण त्याला पाडू, या हिशोबाने ती थांबली. तिची ती चाल तुमच्या नजरेसमोर, तुमच्या नकाशावर झाली, आणि ज्या भरवशावर ती केली होती तो भरवसा फासे पडल्यानंतर काढून घेतला गेला. समजा पुस्तक तुमच्या बाजूने असतं, तरी तिला हेच दुःख झालं असतं.

हे मी अनुभवाने सांगतोय. काही वर्षांपूर्वी मी चालवत असलेल्या खेळात एका मैत्रिणीचं पात्र क्लेरिकचं होतं. तिने तीन साथीदारांना ब्लेस हा आशीर्वादाचा स्पेल लावला होता आणि ज्यांना लावला त्यांच्या प्यादांजवळ एकेक निळा काचेचा मणी ठेवला होता. पलीकडच्या खोलीत म्होरक्या होता. ती म्हणाली, 'मी गायडिंग बोल्ट रेडी ठेवते, दार उघडलं की सोडते.' मी मान हलवली. दार उघडलं, तिने फासा उचलला, आणि तेव्हा मी म्हटलं की रेडी ठेवलेला स्पेल धरून ठेवायला कॉन्सन्ट्रेशन लागतं, आणि ते एका वेळी एकाच स्पेलवर ठेवता येतं, म्हणजे ब्लेस मघाशीच मोडला. आणि मी नकाशावरून ते तीन मणी एकेक करून उचलले. नियम शंभर टक्के बरोबर होता. तिसरा मणी उचलताना मी तिच्याकडे पाहिलं. ती फासा हातात तसाच धरून बसली होती आणि टाकत नव्हती. तिच्या क्लेरिकने रोज प्रार्थना करून ते स्पेल तयार केले होते. एक धरला की दुसरा सुटतो हे त्या पात्राला ठाऊक असणारच. ठाऊक नव्हतं ते फक्त तिला, आणि ते सांगायचं काम माझं होतं, तिने 'रेडी ठेवते' म्हटलं त्याच क्षणी. तेव्हापासून कोणी अशी चाल जाहीर केली की मी म्हणतो, 'हे केलंस तर अमुक मोडेल, चालेल?' दोन सेकंदांचं काम आहे.

तर पुढे वाद उठला की अर्थ कोणाचा बरोबर याआधी एक गोष्ट विचारा : 'तू ही चाल काय होईल असं धरून केलीस?' तिचं उत्तर ऐका. ती सांगते तो अर्थ वाक्यात बसण्यासारखा असेल, तर या लढाईपुरता तोच चालू द्या, कागदावर टिपून ठेवा आणि खेळ संपल्यावर निवांत पुस्तक काढा. तो अर्थ बसतच नसेल आणि तुमची खात्री असेल, तर फासे कितीही छान पडलेले असोत, तिला चाल परत घेऊ द्या. ओगर मागे ठेवा, चोर डिसएंगेज घेऊन लांब जाऊ दे, तिथून पुढे चला. बुद्धिबळात चाल परत घेत नाहीत हे खरं, पण तिथे पटावरचं सगळं दोघांना सारखंच दिसत असतं. इथे अर्धं जग तुमच्या पडद्यामागे आहे.

तुम्ही 'डीएम म्हणून नाही म्हटलं' असं लिहिताना जरा ओशाळलेले दिसता. निकाल देणं ही तुमची चूक नव्हती. पंचाने किती ठरवायचं आणि तक्त्याने किती, हा वाद आपल्या खेळाहून कितीतरी जुना आहे. १८२४ मध्ये राइसवित्झ नावाच्या प्रशियन अधिकाऱ्याने क्रीगस्पील या युद्धखेळाचे नियम छापले. त्यात पंच होता, फासे होते आणि नुकसान मोजायचे तक्ते होते. १८७६ मध्ये व्हेर्डी द्यू व्हेर्न्वा या दुसऱ्या प्रशियन अधिकाऱ्याने ते तक्ते बाजूला सारून निर्णय अनुभवी पंचावर सोपवायची पद्धत मांडली. तसल्या युद्धखेळांच्या परंपरेतूनच पुढे १९७४ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्स आलं, आणि पंचाची खुर्ची तेव्हाही टेबलाशी होतीच. त्या खुर्चीत बसून ठरवा, जरूर ठरवा, पण खेळाडूने पाऊल उचलण्याआधी.

एक काळजी तेवढी घ्या. 'तू काय धरून चाल केलीस' याचा कोणी गैरफायदा घ्यायला लागला, दर वेळी त्याच्याच सोयीचा अर्थ निघायला लागला, तर तोच अर्थ पुढच्या लढाईत शत्रूंनाही लागू होईल हे सांगून टाका आणि खरंच लावा. दुसऱ्याच्या टर्नला स्नीक अटॅक तुमच्या चोराला मिळतो, तर तसंच कसब असलेल्या मारेकऱ्यालाही मिळू दे. असा मारेकरी एकदा भेटला की पळताना डिसएंगेज का घ्यायचं हे सगळ्यांना आपोआप कळतं.

आता पुढची खेप. मैत्रिणीची माफी मागा, चौघांसमोर, खेळ सुरू व्हायच्या आधी. 'टर्नला एकदा' हे वाक्य वाचून दाखवा आणि मी चुकलो असं म्हणा. 'पण', 'तसं बघितलं तर' असं काही मागे जोडू नका. आणि ५, ४, ३ सांगा. ७ हिट पॉइंट सांगा. हे तुम्ही एवढे दिवस एकटे बाळगून बसलायत आणि मला ते पत्रातल्या बाकी कशाहूनही जड वाटलं. सांगितलंत तर त्यांना वाईट वाटेल. पण ती फासे विसरलेली नसेल. ५ आणि ४ आणि ३ तिनेही पाहिलेत, बेरीज तिलाही येते, आणि ओगर थोडक्यात वाचला होता का हे ती त्या दिवसापासून मनात म्हणत असणार.

पण त्याच्याही आधी एक फोन करा. तुमच्या पत्रात विझर्डवाल्या मित्राला एकच वाक्य मिळालंय : तो काही बोलला नाही. वाद मैत्रिणीशी झाला म्हणून तुम्ही तिचा विचार करताय, आणि तो बरोबरच आहे, पण पात्र त्याचं गेलं. इतक्या महिन्यांत वाढवलेला विझर्ड दुसऱ्या दोघांच्या वादात गेला, आणि तो वाद सोडवायची संधीही त्याला मिळाली नाही. खेळ मागे न्यायचा का, हे तुम्ही परस्पर ठरवू नका आणि चौघांचं मतही घेऊ नका, कारण मत घेतलं की तो सगळ्यांच्या हो ला हो म्हणेल. आधी त्याला एकट्याला विचारा. ओगर तिथेच पडला आणि तुझा विझर्ड जिवंत आहे असं धरून पुढे जाऊ का? की ते मरण तुला गोष्टीत राहू द्यायचंय आणि नवं पात्र आणायचंय? काही खेळाडूंना असं परत मिळालेलं पात्र नको असतं. काहींना हवं असतं, फक्त स्वतःहून मागायला संकोच वाटतो. तो यातला कोणता आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल, तरीही विचारा, आणि त्याने लगेच उत्तर दिलं नाही तर घाई करू नका. दोन दिवस द्या. तो जे सांगेल त्यावरून पुढची खेप कुठून सुरू करायची ते ठरेल. ओगर पडला त्या क्षणापासून, किंवा विझर्डच्या चितेपासून.